मल्लय्या मिस्त्रींनी मारलेली हाक

रविवारी सकाळी फटफटीचा आवाज आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला, की माझ्या मुलाचा, कमलाकरचा, चहा अर्धा राहत असे. मल्लय्या मिस्त्री कधी दारात येऊन हाक मारत नसत. रस्त्यावरच थांबून रबरी भोंगा एकदा दाबायचे आणि समोरच्या लिंबाकडे बघत उभे राहायचे, जणू काही ते लिंबालाच भेटायला आले आहेत.

मिस्त्री गिरणीत फिटर होते. राहायला साखर पेठेत, घर विणकरांचं, घरची भाषा तेलुगू. पन्नाशीला टेकलेला, ठेंगणा, कमी बोलणारा माणूस. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, पोटी मूल नाही. जेवायचे भावाकडे आणि झोपायचे त्याच्या मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. त्या शेडमध्ये खाट कोपऱ्यात होती आणि मधली चांगली जागा फटफटीची होती. लढाई संपल्यावर खडकीच्या छावणीतून मोडीत निघालेली ती गाडी त्यांनी तुकड्यातुकड्यांनी आणून जोडली होती. हात घसरू नयेत म्हणून तिच्या दांड्यावर घरचंच सूत घट्ट गुंडाळलेलं होतं. आठवड्याचे सहा दिवस गिरणीच्या भोंग्यावर चालायचे. रविवार तेवढा त्यांचा स्वतःचा.

आमचा कमलाकर पुण्याहून इंटर होऊन आला होता. वडिलांची सायकल दुरुस्त करायला तो एकदा मिस्त्रींच्या शेडमध्ये गेला, आणि सायकल नीट होऊन घरी आली तरी तो तिकडे जातच राहिला. मिस्त्री त्याला 'धाकटे वकीलसाब' म्हणत, कारण थोरले वकील, म्हणजे त्याचे वडील, आमच्या घरातच होते. तिसरा गडी गुरुबसप्पा. त्याचं आडतीचं दुकान होतं, घरची भाषा कानडी, अंगानं दांडगा, आणि गाडी कोरी करकरीत. हे तिघं मिळून कधी अक्कलकोट रस्त्याला, कधी हिप्परग्याच्या तळ्यावर जायचे.

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकले आहे. पण मुलगा यायला उशीर झाला की त्यातलं एक अक्षर आठवत नाही. दार, खिडकी, पुन्हा दार असं चालू असायचं. आताही घरातले दिवे मालवले आहेत आणि मी कंदिलाशी लिहीत बसले आहे. ही रात्री जागायची सवय त्या रविवारांनीच लावली. आमचे वकील म्हणायचे, "ती फटफटी मुलाला घेऊन जात नाही, तुला घेऊन जाते."

मिस्त्रींशी माझी खरी ओळख झाली ती एका पंक्चरमुळे. परत येताना गुरुबसप्पाच्या गाडीचं चाक नेमकं आमच्या दारात बसलं. वकिलांनी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं, मी चहा टाकला आणि दाराआड न थांबता सरळ जोत्यावर येऊन बसले.

गुरुबसप्पा ट्यूब चोळत सांगत होता, "माज्या बापाचं भिंतीवरचं घड्याळ हुतं बाई. बाप पेठेत गेला की मी ते खोललं. सगळं पुन्यांदा बसवलं बघा, निस्तं एक चाक उरलं."

"मग?" कमलाकरनं विचारलं.

"मग काय! बापानं माजी चाकं ढिली केली. घड्याळ गेलं मोडीत, ते चाक आजून हाय माज्याकडं. दुकानात लोकांस्नी दावतो, म्हनतो मी लहानपनापासून मिकॅनिक."

"मिकॅनिक म्हनं," मिस्त्री बशीत चहा ओतत म्हणाले. "पंक्चर काडायला घंटा लागतोय."

"तुमचं सांगा की मग! तुमी काय आईच्या पोटातनं पाना घिऊन आला व्हय?"

मिस्त्री हसले आणि सांगू लागले. त्यांचे मामा बार्शीला सरकी काढायच्या कारखान्यात एंजिनवर तेलवाले होते. बाप वारल्यावर त्यांनी या भाच्याला आपल्याकडे नेलं. पोर रात्री एंजिनच्या शेजारीच पोत्यावर झोपायचं.

"आवाजानं झोप लागायची तुम्हाला?" मी विचारलं.

"आवाजानं लागायची, बाई. आवाज बदलला की जाग यायची. मामा झोपलेला असला तर मी उटवायचो त्याला. दिवसा मामा माजे डोळे बांधायचा आनि हातात एक नट द्यायचा. कुटला हाय ते सांगायचं. बरोबर आलं तर भाकरीसंगं शेंगाचटनी. चुकलं तर निस्ती भाकरी."

"आनि रोज निस्ती भाकरीच खाल्ली म्हनून असं ठेंगनं ऱ्हायलं!" गुरुबसप्पा म्हणाला, आणि मिस्त्रींनी त्याच्या डोक्यावर पान्याचा हलका टोला दिला.

त्या दिवसापासून मला मिस्त्रींचा आधार वाटू लागला. भीती गेली नाही, पण मुलगा कोणाबरोबर आहे हे तरी कळलं होतं.

पुढे पावसाळा सरून रस्ते कोरडे झाले आणि कमलाकरनं हट्ट धरला, की आता पुढे मी बसणार आणि मिस्त्री मागे. मिस्त्रींनी त्याला महिनाभर मोकळ्या माळावर चालवायला लावली आणि मग एका रविवारी वळसंगच्या रस्त्याला गाडी त्याच्या हातात दिली. निघताना पेट्रोलची नळी जरा गळत होती. मिस्त्रींनी ती काढली, पुसली, पुन्हा घट्ट बसवली आणि थट्टेनं म्हणाले, "आता जरा बी पेटलं तर पयली तुजी चड्डी जाईल, धाकटे वकीलसाब." कमलाकर हसला, पण वाटभर त्याच्या नाकात पेट्रोलचा वास राहिला.

परतीच्या वाटेवर एका वळणापुढे शेरडांचा कळप रस्त्यात आला. कमलाकरचं लक्ष बाजूनं धावणाऱ्या कुत्र्याकडे होतं. मागे बसलेल्या मिस्त्रींना कळप दिसला आणि ते ओरडले. ओरडण्याबरोबर कमलाकरनं दांडा सोडला आणि चालत्या गाडीवरून बाजूला उडी टाकली. गाडी मिस्त्रींना घेऊन तशीच पुढे गेली, कळपाला चुकवून निवडुंगात शिरली आणि थांबली.

गुरुबसप्पानं कमलाकरला आपल्या गाडीवर घरी आणलं. त्याचा उजवा हात मिस्त्रींच्या पटक्यानं गळ्यात बांधलेला होता. मनगटाचं हाड मोडलं होतं. मिस्त्री मागून गाडी ढकलत आले. चेहऱ्यावर, हातांवर निवडुंगाचे काटे. ते काढायचं भान त्यांना नव्हतं. डॉक्टर येऊन हाताला प्लास्टर घालून गेले, तरी ते खाली रस्त्यावरच उभे होते. वकिलांनी त्यांना वर आणलं.

"अरे, पण तू उडी का मारलीस?" वकिलांनी विचारलं.

"मिस्त्रीच ओरडले ना! आग, आग म्हणून. मला वाटलं टाकी पेटली."

"मी?" मिस्त्री पुढे आले. "मी कशाला आग म्हनू? मी आगु म्हनलो. आगु!"

"तेच सांगतोय मी! आगच म्हणालात तुम्ही!"

"आगु!"

"हो, आग!"

गुरुबसप्पा दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होता. एकदम त्यानं मांडीवर थाप मारली आणि खाली बसून पोट धरून हसू लागला. "अय्यो! आगु म्हंजे थांब की रे! तेलुगूत थांब! ह्यो म्हनतोय थांब, आनि ह्यो उडी मारून मोकळा!"

मग वकील हसले. दुखत असूनही कमलाकर हसला. मलाही हसू आलं आणि त्याच्याबरोबर डोळ्यांत पाणीही. मिस्त्री मात्र हसले नाहीत. "थांब म्हनायचं हुतं," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "येतंय की मला." आणि कोणी काही म्हणायच्या आत जिना उतरून गेले.

पुढच्या रविवारी भोंगा वाजला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मला बरं वाटलं. रविवारी सकाळी भाजी निवडत मी निवांत बसत होते, मुलगा डोळ्यांसमोर होता. तो मात्र खिडकीशी बसून लिंबाकडे बघायचा. एकदा म्हणाला, "आई, मिस्त्री मला भेटतच नाहीत. शेडला आतून कडी असते." मी म्हटलं, "असू दे."

मग मी शिकवते त्या शाळेतून येताना मला गुरुबसप्पा बाजारात भेटला. नेहमीसारखा मोठ्यानं बोलला नाही. "बाई, मिस्त्री गाडी इकतोय. बिजापूरचा कोन कंत्राटदार हाय, रविवारी बगायला येतोय. मी लई सांगून बघितलं. म्हनतो, माज्या हातनं पोर मेलं असतं." मग तो म्हणाला, "गाडी गेली तर रविवारचं करनार काय तो? भावाच्या भिताडाकडं बगत बसनार. तुमचं ऐकंल. तुमचंच पोर हाय."

मला हवं होतं तेच आपसूक घडत होतं. मी एक शब्दही न बोलता गप्प राहिले असते, तर कमलाकर पुन्हा त्या गाडीवर बसला नसता. घरी येईपर्यंत मी याचाच विचार करत होते. पण काटे अंगात घेऊन रस्त्यावर उभा राहिलेला तो माणूस डोळ्यांपुढून हलत नव्हता. रविवारी सकाळी मी पायांत चपला घातल्या आणि कमलाकरला म्हटलं, "चल, मला साखर पेठ दाखव."

शेडचं दार त्या दिवशी उघडं होतं. गिऱ्हाईक यायचं म्हणून मिस्त्री गाडी पुसत होते. मला बघून गडबडले. "या बाई. ह्यावर नका बसू, तेल हाय. हितं बसा." कमलाकर दाराबाहेरच थांबला.

"विकताय म्हणे गाडी?"

"व्हय."

"कशासाठी?"

ते पुसत राहिले. मग म्हणाले, "चाळीस वर्सं मराठी बोलतोय, बाई. गिरनीतल्या जॉबरशी, वकीलसाबांशी, बाजारात. आनि खरी येळ आली तवा तोंडातनं आईची बोली निगाली. अशा मानसानं दुसऱ्याच्या पोराच्या मागं बसू नये."

मी शाळेत कानडी, तेलुगू घरांतल्या मुलींना गणित शिकवते. उत्तर मराठीत देतात, पण बोटं मोजताना ओठ घरच्या भाषेत हलतात. मी विचारलं, "मिस्त्री, नट आवळताना तुम्ही फेरे मोजता ना? कसे मोजता?"

"ओकटी, रेंडु, मूडु... मामानं शिकवलं तसं."

"मग दचकल्यावर तुम्ही मराठीत कसं ओरडणार? कोणीच ओरडत नाही. मला विंचू चावला तर मी काही इंग्रजीत ओरडणार नाही."

"म्हनूनच तर इकतोय."

"माझं पुरतं ऐका. मी कॉलेजात गेले तेव्हा प्रोफेसर इंग्रजीत शिकवायचे. पहिले सहा महिने मला काही कळलं नाही, रात्री रडायचे. पण माझ्यासाठी कोणी मराठीत बोललं नाही. शिकायचं मला होतं, भाषा मलाच धरावी लागली. कमलाकर तुमच्याकडे शिकायला येतो. तुम्ही काय म्हणून ओरडता हे त्याला नको यायला?"

मिस्त्रींनी मान वर केली. "वकिलाचं पोर. ते कशाला तेलुगू शिकंल?"

"शिकतो की!" बाहेरून आवाज आला, आणि कमलाकर प्लास्टरचा हात सांभाळत आत येऊन पोत्यावर बसला. "आताच सांगा. डावीकडे वळ कसं म्हणायचं?"

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "एडम," ते हळूच म्हणाले.

"येडा कोण? मी?"

"एडम! एडम म्हंजे डावं! कुडी म्हंजे उजवं!" मिस्त्री चिडून बोलले आणि मग एकदम हसू लागले. काटे रुतलेल्या जागी गालावर काळे ठिपके पडले होते, ते हसताना हलत होते. "मेल्लगा म्हंजे सावकाश. दिगु म्हंजे खाली उतर. म्हन."

कमलाकर म्हणत राहिला, मिस्त्री दुरुस्त करत राहिले. मिस्त्रींची भावजय दारात येऊन तोंडाला पदर लावून ऐकत होती. तिनं आत जाऊन दोन बायकांना बोलावून आणलं.

तेवढ्यात विजापूरचे कंत्राटदार आले. डोक्याला जरीची टोपी, हातात छडी. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, मिस्त्रींना एंजिन चालू करायला लावलं आणि ऐकून खूश झाले. दांड्यावर छडी टेकवून म्हणाले, "हे सूत-बित कशाला गुंडाळलंय? हे सगळं काढून टाकायचं. लाल रंग देऊन घेतो."

मिस्त्रींनी एंजिन बंद केलं. हात पुसले. "साब, गाडी न्हाय इकायची."

"म्हणजे? मग मला विजापूरहून बोलावलं कशाला?"

"चुकलं माजं. पर आत्ता इकता येत न्हाय. ह्या पोराचं शिकायचं ऱ्हायलंय." आणि भावजयीकडे वळून म्हणाले, "साबांस्नी चा ठेव."

कंत्राटदारांनी चहा घेतला नाही. ते गेल्यावर मिस्त्री माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "बाई, तुमचं भ्या गेलं का?"

"नाही," मी म्हटलं. "ते जायचं नाही. तुम्ही सावकाश चालवा, मी भीत राहीन."

त्यांनी मान डोलावली. मग गाडी ढकलत गल्लीत आणली, लाथ मारून चालू केली आणि वर बसले. कमलाकर दोन पावलांत मागे पोचला आणि प्लास्टरचा हात वर धरून मागच्या बैठकीवर पाय टाकू लागला.

"दिगु!" मी ओरडले.

तो तसाच खाली उतरला. सगळी गल्ली हसली. मिस्त्री मागे वळून म्हणाले, "बगा, पयल्या हाकेला उतरला," आणि एकटेच निघाले. पेठेच्या टोकाला वळून ते दिसेनासे झाले. आवाज लांब गेला, मग बारीक झाला. ते परत येईपर्यंत आम्ही दोघं तिथंच उन्हात उभे राहिलो.