साहेबाचा वाकडा गाभारा
भिजवलेल्या चुन्याचा वास आला की भोरजवळचं ते चर्च आठवतं आणि अजूनही माझं डोकं तापतं. धरणावरच्या एका साहेबाला विलायतेतल्या आपल्या गावच्या जुन्या चर्चसारखंच चर्च हवं होतं. त्याच्याकडचं चित्र बघून टोकदार कमानी, चौकोनी मनोरा, सगळं मी काळ्या दगडात उभं केलं. पूर्वेकडचा गाभारा छातीइतका वर आला, तेव्हा साहेब म्हणाला, "मिस्त्री, हे पाडा. आमच्या गावचा गाभारा डावीकडं वळलेला आहे." मी म्हणालो, "साहेब, दोरी लावून सरळ बांधलंय. वाकडं केलं तर लोक मला हसत्याल." तो म्हणाला, "चर्च म्हणजे क्रुसावरचा येशू आणि गाभारा म्हणजे त्याचं डोकं. क्रुसावर त्याची मान कलली होती, म्हणून गाभारा तसा आहे. माझ्या आईला तिथंच पुरलंय." त्यानं आईचं नाव काढलं म्हणून मी महिन्याचं काम पाडलं आणि दातओठ खात वाकडं बांधलं. साहेब आत गेला, टोपी काढून रडला, पुढं विलायतेला गेला तो कायमचाच. गाभारा राहिला माझ्या नावावर. परवा नातीला हौसेनं दाखवायला नेलं. तिनं इकडून बघितलं, तिकडून बघितलं आणि म्हणाली, "आबा, तवा तुमी कामाला नवीन हुता का वो?"