तेल निवेपर्यंत

अंबड मागे पडलं आणि समोर उसाची ट्रॉली आली. तिच्यापुढे आणखी एक, त्यापुढेही ट्रॉल्याच. कारखाना सुरू असला की या रस्त्यावर दुसरं काही दिसत नाही. पण त्या दिवशी घाई होती. आईला अंकुशनगरला तिच्या थोरल्या बहिणीकडे न्यायचं होतं, तेही दिवस मावळायच्या आत. मावशीला विसर पडतो. मावसभावाने फोनवर सांगितलं होतं, उजेड असेपर्यंत ती माणसं ओळखते, दिवे लागले की मलाही, पोटच्या पोराला, ‘कोण तुम्ही’ म्हणते. आईला बहिणीची एक ओळखीची हाक हवी होती, बाकी काही नाही.

माझी गाडी ऑटोमॅटिक. क्लच नाही, गिअर ती आपली आपण बदलते. त्यासाठी गिअरबॉक्समध्ये जे तेल फिरतं, ते असं इंच इंच सरकताना तापतं. पडद्यावर त्याचं तापमान दिसतं. एरवी नव्वदीच्या आसपास असणारा आकडा एकशे वीसच्या वर गेला, तेव्हा मी गाडी कडेला घेतली.

“उभी का राह्यलीस?” आई म्हणाली.

“गिअरबॉक्सचं तेल तापलंय.”

“मंग बंद कर, पाणी टाक.”

वडिलांच्या जीपला हाच इलाज होता. बॉनेट उघडायचं आणि पाणी ओतायचं. आईने बाटली हातात घेतलीच होती, ती मी काढून घेतली. या गाडीचं उलटं आहे. इंजिन चालू राहिलं तर तेल फिरतं, पुढच्या जाळीत जाऊन निवतं. बंद केलं की गरम तेल जागच्या जागी बसतं. मी दांडा पार्कवर टाकला, एसी बंद केला, काचा खाली घेतल्या.

ट्रॉल्या जात राहिल्या. जी पुढे जाई, तिच्यामागे आम्हाला पुन्हा लागायचंच होतं. पण बसण्याशिवाय करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून बसलो. उन्हाचा रंग गुळासारखा झाला होता. कारखान्याच्या मळीचा आंबूस वास वाऱ्याबरोबर येई आणि जाई. लादलेल्या उसाची वाढी, शेंड्याची हिरवी पाती, खिडकीच्या अगदी जवळून, सळसळत, संथ सरकत होती. थोड्या वेळाने ट्रॉल्या थांबल्यात आणि आम्हीच मागे मागे चाललोय असं वाटू लागलं. आईलाही तसंच वाटलं असावं. तिने दाराची कडी घट्ट धरली होती.

पुढे कुठे तरी रांग अडली आणि एक ट्रॅक्टर आमच्याशेजारी थांबला.

“ताई, धक्का देऊ का?” ड्रायव्हर वरून ओरडला.

“ऑटोमॅटिकला धक्का चालत नाही. आणि गाडी चालूच आहे.”

“चालू हाये तर उभी कामून?”

“तेल थंड करतेय.”

“चालू ठिवून थंड?” तो हसला. “आमच्या मालकाला सांगा हे. उभा ट्रॅक्टर चालू दिसला की शिव्या देतो.”

तेवढ्यात आई उतरली. ऐंशीच्या पुढची बाई, ट्रॉलीला हात टेकून एक ऊस ओढू लागली.

“आजी, सरळ ओढा! मोळी सुटंल न्हाईतर.”

“मला शिकवतो व्हय? आम्ही दोघी बहिणी पळत्या बैलगाडीतून ओढायचो.”

ऊस निघाला. तो गाडीत मावेना, टोक खिडकीबाहेर राहिलं. आकडा शंभरावर आला तशी मी निघाले. दांडा खालच्या गिअरवर धरला, पुढच्या ट्रॉलीपासून भरपूर अंतर पडू दिलं आणि ते एका दमात कापलं, पुन्हा थांबले. मागचे हॉर्न वाजवत राहिले. आकडा चढला नाही. सूर्य मात्र गेला.

अंकुशनगरला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मावशी दारातल्या खाटेवर बसली होती. तिने आईकडे नीट पाहिलं.

“कोण बाई तुम्ही?”

आईने गाडीतून ऊस ओढून आणला. तो मावशीच्या मांडीवर ठेवला. मावशीने तो चाचपला, बुडख्यापासून शेंड्यापर्यंत, सावकाश.

“पळत्या गाडीतून ओढलास?”

“न्हाई अक्का. उभी होती.”

“मागल्या बारीला गुडघा फोडून घेतल्तास. मायनं मला मारलं.” मग तिने विचारलं, “दात हायेत का तुला?”

“न्हाईत.”

“मलाबी न्हाईत. ठिव कोपऱ्यात.” आणि तिने खाटेवर सरकून जागा केली.

मी गाडीकडे आले. इंजिन चालूच ठेवलं होतं. सीटवर बसून आकडा उतरताना पाहत राहिले. नव्वद झाले तरी किल्ली फिरवून बंद केलं नाही. दारातून दोघींचा आवाज येत होता.