सात नावं घेऊन ब्रेमेनला

गेल्या हिवाळ्यात सासरे गेले. दरवर्षी चोवीस एप्रिलला ते आणि सासूबाई हॅम्बर्गहून ब्रेमेनला जायचे. १९१५ साली तुर्कस्तानात झालेल्या संहारात मारल्या गेलेल्या आर्मेनियन लोकांची नावं तिथे मोठ्याने वाचतात. सासूबाईंना आता नीट दिसत नाही, नवऱ्याला सुट्टी मिळेना, म्हणून यंदा सासूबाईंसोबत मी निघाले. मी पुण्याची, मला त्यांची लिपी कुठली यायला! सासूबाईंनी सांगितली तशी सासऱ्यांच्या घरची सात माणसं देवनागरीत उतरवून घेतली.

स्टेशनवर गुलसेन उभी होती. सासूबाईंची मासळीच्या कारखान्यातली तुर्की मैत्रीण.

"तू कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"नावं ऐकायला. आम्हाला शाळेत सांगितलं होतं, असं काही झालंच नाही."

रीजनल गाडीने सव्वा तास लागतो, महिन्याचा पास, डॉइचलँडटिकिट, चालतो. डबा घरून न्या. आम्ही द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात खाल्ला. खाता खाता सासूबाई मला म्हणाल्या, "मी आर्मेनियन आहे हे कारखान्यात कळलं, तेव्हा टेबलावरच्या सगळ्याजणी उठून गेल्या. ही एकटी डबा घेऊन समोर येऊन बसली."

"पण विचारलं काहीच नाही," गुलसेन म्हणाली. "चाळीस वर्षं."

ब्रेमेनला चर्चच्या अंगणात क्रॉस कोरलेला उंच दगड आहे. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, वारा फार. माझी पाळी आली. हागोप. नवार्त. गाराबेद. वाचत गेले. सातव्या ओळीत मीच लिहिलं होतं, 'धाकटी मुलगी, नाव आठवत नाही'. हे जर्मनमध्ये सांगावं की कसं, काही सुचेना. "धाकटी," मी मराठीतच म्हटलं. सासूबाईंनी मान हलवली. मागे गुलसेन भिजत उभी होती, हातातल्या फुलांवरचा कागदही काढायचं तिला सुचलं नव्हतं.

हॅम्बर्गला तिचा मुलगा तिला न्यायला आला होता. त्याने तुर्कीत काहीतरी विचारलं, तिने "हो" म्हटलं, आणि तो तिला तिथेच सोडून निघून गेला. "तिथे गेली होतीस का, असं विचारलं त्याने," तुर्की समजणाऱ्या सासूबाईंनी मला हळूच सांगितलं. गुलसेन बसने घरी गेली.

माझे बाबा पुण्यात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. मुसलमान भाडेकरू ठेवायचे नाहीत, असा ठराव ते मांडणार होते. महिन्यापूर्वी त्यांनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी "बरं" म्हणून विषय बदलला होता. ब्रेमेनहून आल्यावर मी स्वतःच फोन केला.

"बाबा, फ्लॅटवर माझंही नाव आहे. माझा विरोध आहे, मी सभेला तसं पत्र पाठवतेय."

"तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस," म्हणाले आणि फोन ठेवला.

ठराव मंजूर झाला. माझं पत्र सभेत वाचलंसुद्धा नाही, असं आईकडून कळलं. बाबा माझ्याशी बोलत नाहीत.

गुलसेन आता रविवारी आमच्याकडे जेवायला असते. मुलगा नातवंडांना तिच्याकडे पाठवत नाही. परवा मी तिला बाबांचं सांगितलं.

"परत फोन कर," ती म्हणाली. "मी मुलाला रोज करते."

"उचलतो?"

"नाही."