मासळीचा बर्फ आणि लहूची बुलेट

लहूने जन्मात बर्फ पाहिला होता तो मासळीवरचा. तरी त्याला लेहला जायचे होते, आणि तेही बुलेटवर.

कांजूरमार्गला खाडीकडेला त्याचे घर. बाप खाडीत जाळे टाकायचा. पुढे पाणी काळे झाले, मासा गेला आणि लहू मुलुंडच्या एका वर्कशॉपात फिटर म्हणून लागला. तिथे डोंगरात रस्ते फोडणारे काँप्रेसर दुरुस्तीला येत. काम झाले की परत वर जात, थेट कारगिल-लेहच्या रस्त्यावर. त्यांची बेअरिंगे बसवण्यात लहूची उमर गेली. आपण बसवलेले मशीन तिथे कसे चालते हे एकदा डोळ्यांनी बघायचे, एवढेच त्याच्या मनात होते.

शहाऐंशी साली बेत ठरला. सोबतीला वर्कशॉपातला टर्नर दत्ताराम, मालवणकडचा. वाट सोपी होती. घराजवळचा आग्रा रोड धरायचा आणि सोडायचाच नाही. पुढे दिल्ली, जम्मू, श्रीनगर. मग झोजीला घाट. घाट उघडतो मे महिन्यात.

जो पार्ट स्वतःला खोलता येत नाही तो गाडीवर असू नये, असे लहूचे म्हणणे. म्हणून हिवाळाभर ड्युटीवरून आला की तो गाडी खोलून बसे. एक नट सोडला नाही. खाडीची हवा लोखंड खाते. कोळीवाड्यात जे लोखंडाचे असेल त्याला ग्रीस फासायचे, ही वाडवडिलांपासूनची रीत. लहूने होडीच्या इंजिनाचे जाड ग्रीस आणले आणि बुशांत, रेस-क्लच-ब्रेकच्या वायरींत ठासून भरले.

बायको सगुणा मुलुंडच्या बाजारात मासळी विकायची. ती हे सगळे बघत होती.

"मराला जावाचं तं खाडी जवल हाय. एवढ्या लांब कशाला?"

"मरत नाय गो. गाडी एकदम झकास केलीय."

"झकास? बर्फात घालून बघितलीस?"

लहूने हातातला पाना खाली ठेवला.

"माझ्या बर्फवाल्याकडं ठेव रातभर. सकाली धड निघाली तं जा. नाय तं नाव काढायचं नाय."

बर्फाच्या कारखान्याचा मुनीम तिच्या रोजच्या ओळखीचा. टाकी रिकामी करायला लावून त्याने बुलेट लाद्यांच्या खोलीत घेतली. "मावशी, आता बुलेट विकणार काय वाट्याने?"

सकाळी तिघे गेले. लहूने रेसची मूठ पिळली. जड फिरली. हात सोडला. मूठ जागची हलली नाही, रेस उघडी ती उघडीच. दत्तारामाने पिळून पाहिली. तेच. वायरीतले ग्रीस मेणासारखे घट्ट झाले होते. घाटाच्या उतारावर असे झाले असते तर गाडी थेट दरीत.

"मेल्या, ही गाडी आसा की लोणच्याची बरणी?" दत्ताराम म्हणाला. "मी मागे बसूचंय नाय."

सगुणाने पाटीत बर्फ भरला आणि बाजाराला निघून गेली.

लहूला जास्त लागले ते वेगळेच. वर जाणाऱ्या प्रत्येक मशिनात पातळ ऑइल भरायचे, असा वर्कशॉपात नियम होता. ते ऑइल त्याच्याच हातांनी भरले जात होते. घरच्या गाडीला मात्र तेच हात कोळीवाड्याच्या सवयीने गेले.

त्याने गाडी पुन्हा खोलली. वायरी रॉकेलमध्ये भिजवायच्या, ओढायच्या, पुन्हा भिजवायच्या. खालून रॉकेल स्वच्छ गळेपर्यंत सोडायचे नाही. भरायला जितकी मेहनत लागली त्याच्या दुप्पट काढायला लागली. मग वर्कशॉपातल्यासारखे पातळ ऑइल सोडायचे. तिसऱ्या संध्याकाळी दत्ताराम येऊन रॉकेलच्या डब्यापाशी बसला.

"तू बसनार नव्हतास ना?"

"बसूचंय नाय म्हटलंय तां गाडयेर. हय खाली बसाक काय जाता?"

एप्रिलअखेर गाडी पुन्हा बर्फाच्या खोलीत गेली. सकाळी लहूने मूठ पिळून सोडली. टक् करून मागे आली. दत्तारामाने पाच-सहा वेळा करून पाहिली, मग नुसतीच मागची सीट पुसू लागला.

सगुणा शब्दाला पक्की. पण जीव मागे ओढत होता. "जा म्हटलं ते खरं. पन आता पावसाला येल. पुढच्या साली जा ना."

लहूने चाकाच्या तारेवरून बोट फिरवले आणि तिच्यापुढे धरले. बोट लाल. "काल पुसलीय. ग्रीस नाय, पातल ऑइल पुरायचं नाय, खाडीची हवा पावसाल्यात वायरी खाईल. गाडी आता ठेवता यायची नाय. एक तं जावाचं, नाय तं परत ग्रीस भरून घरात उभी करायची."

सगुणाने ते बोट नीट पाहिले. गंज काय असतो हे तिला सांगायला नको होते. तिचा कोयता एक रात्र तेलाविना राहिला तरी सकाळी तांबडा व्हायचा.

"तं मंग जा," ती म्हणाली. "ह्याच महिन्यात जा. परत आलास का पयलं ग्रीस लाव, मंग जेवायला बस."

मे महिन्यात एका सकाळी दोघे आग्रा रोडला लागले. गाडी दिसेनाशी झाल्यावर सगुणा घरात आली. ग्रीसचा डबा उघडाच पडला होता. तिने झाकण दाबून बसवले, डबा खाटेखाली सरकवला आणि पाटी उचलून बाजाराला गेली.