शर्टाखालचा निळा फ्रॉक

परवा माळ्यावरची बॅग उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासासकट तो निळा, बिनबाह्यांचा फ्रॉक हाती आला. अमरावतीहून पुण्यात आयटीतल्या नोकरीला आले तेव्हा माझ्याकडे धड असे तीनच ड्रेस होते. रोज काही वेगळं दिसावं म्हणून मी सदाशिव पेठेतल्या खोलीत फ्रॉकवर पांढरा शर्ट चढवायची, कधी खाली सलवार, कधी वर जाकीट.

आमच्या टीमच्या मॅडम एकदा सगळ्यांदेखत म्हणाल्या, “तुमच्या अमरावतीत कपाटं नसतात का गं? सगळं अंगावरच?” सगळे हसले. मीही हसले, पण मनात ठेवलं.

पुढे परदेशी क्लायंट आले त्या दिवशी मॅडम पातळ, बिनबाह्यांच्या नव्या ड्रेसमध्ये होत्या आणि मीटिंगच्या खोलीत एसी नुसता गारठवत होता. बोलायला उभं राहायच्या आधी त्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “जाकीट दे ना जरा, प्लीज.” माझ्या जाकिटाखाली शर्टही होता. मी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

“नाही देत, मॅडम.”

त्या तशाच कुडकुडत, अडखळत बोलल्या.

वय वाढलं की याचं वाईट वाटेल, असं वाटलं होतं. नाही वाटलं. त्यांचा तो थरथरता आवाज आठवला की मला आजही छान ऊब येते.