बेडकाला पावडर

आज पेपरात वाचलं, जगभर बेडूक एका बुरशीनं मरताहेत. ती त्यांच्या कातडीलाच धरते. वाचलं आणि मला लहानपणीच्या, फ्रीगंज वस्तीतल्या आमच्या क्वार्टरची मोरी आठवली.

घरी नुकताच केबल टीव्ही आला होता, तरी मी शाळेतून आले की मोरीत राहणाऱ्या एका बेडकापाशीच बसायचे. एकदा तो फार गार लागला, म्हणून मी त्याला टॉवेलात गुंडाळून कोरडा केला आणि वर पावडर लावली. आई मला अंघोळीनंतर लावायची, अगदी तशीच.

बाबा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. ते धावत आले आणि त्यांनी बेडकावर तांब्याभर पाणी ओतलं.

“बेटा, तो कातडीनंच पाणी पितो, श्वासही घेतो. तू तर त्याचं नाक-तोंडच बंद करत होतीस.”

मला रडू फुटलं. बाबांनी माझे हात नळाखाली ओले केले आणि बेडूक माझ्याच ओंजळीत ठेवला. त्याचा गळा हलत होता. तांब्याभर पाण्यानं सगळं ठीक होतं, असं तेव्हा वाटलं.

बाबा आता नाहीत. मी पेपर बाजूला ठेवला, नळाखाली हात धरले आणि बराच वेळ ते पुसले नाहीत.