किमचूच्या शिव्यांचं पुस्तक

"भांडखोर? कोण भांडखोर? परत वाच!"

किमचूचा हा आवाज मधल्या भिंतीपलीकडून आला तेव्हा माझे हात माशांत होते आणि चुलीवर भात होता. भात करपायला लागल्याचा वास आला, तरी मी जागची हलले नाही. शेजारी भांडण रोजच व्हायचं, पण त्या दिवशी विषय नवा होता.

"नायिका जरा जास्तच भांडखोर वाटते," तिचा नवरा हुआत पत्र वाचत होता. "तिचं बोलणं कमी केल्यास पुनर्विचार करता येईल. वाईट नाही गं लिहिलेलं. मागच्या प्रकाशकानं तर नुसतंच परत पाठवलं होतं."

"आणि ही नायिका कोण?"

हुआत नुसता खाकरला.

"बोल ना, लेखका! सगळं बोलणं माझं उचललंस. 'तुझ्या मिशीत शेवाळ उगवो' हे मी म्हटलं होतं, तुझ्या मामाला, आपल्याच लग्नात. आणि आता तैपेईत पंख्याखाली बसलेला कोण तो म्हणतो, मी जास्त बोलते?"

"तू नाही. नायिका."

"त्यांना नको तर आपण छापू. बाजारामागं थांगचा छापखाना आहे."

"स्वतःच्या खर्चानं? म्हणजे आपल्याच वरातीत आपणच ढोल बडवायचा?"

"मग आपल्या वरातीत कोणी बडवला होता? माझ्याच भावानं, फुकट! झालं ना लग्न?"

पुढे पातेलं पडल्याचा आवाज आला आणि मला भाताची आठवण झाली.

हुआत आमच्या दोंगगांग बंदरातल्या एका मासेमारी जहाजावर आचारी होता. माझा नवरा त्याच जहाजावर. तो सांगायचा, की हुआतचं सूप बरं असतं, पण ते ढवळताना त्याचं लक्ष दुसरीकडे असतं. दुसरीकडे म्हणजे गोष्टीत. समुद्राच्या तळाशी राहणारा ड्रॅगन राजा एका आचाऱ्याला सुपासाठी पळवून नेतो, आणि त्याची बायको खाली उतरून राजाशी भांडून नवऱ्याला परत आणते, अशी ती गोष्ट. निम्मं पुस्तक नुसतं भांडणच होतं. वर्षावर्षाच्या सफरीत, घरापासून इतक्या लांब, त्याला बायकोच्या शिव्या शब्दन् शब्द आठवत होत्या. माझ्या नवऱ्याला तर माझं नावही आठवायला वेळ लागायचा.

हुआतची हौस एकच. काओशुंगला स्टेशनसमोर मोठं पुस्तकांचं दुकान आहे. जहाज धक्क्याला लागलं की तो तिथं जायचा, कादंबऱ्यांच्या कपाटापाशी उभा राहायचा आणि दोन पुस्तकं बोटांनी बाजूला सारून मधे एक फट करायचा. तिथं आपलं पुस्तक, पाठीवर आपलं नाव, खाली तैपेईच्या खऱ्याखुऱ्या प्रकाशकाचं चिन्ह. माझ्या नवऱ्यानं हे स्वतः पाहिलं. दुकानदारानं दोघांनाही हाकललं, कारण अंगाला मासळीचा वास होता.

पुढे जहाजावरची नोकरी सुटली, दोघा नवराबायकोंनी बाजारात माशांच्या गोळ्यांचं सूप विकायला घेतलं, आणि ती गोष्ट कापडात बांधून तांदळाच्या डब्यावर पडून राहिली. वर्षातून एकदा ती तैपेईची हवा खाऊन परत यायची.

मग किमचू गेली. भांडतच गेली, डॉक्टरशी.

आमच्यात माणूस गेलं की त्याच्या नावानं एखादं सूत्र, म्हणजे बुद्धवचनांची छोटी पोथी, छापून देवळात ठेवतात. समुद्राच्या देवीच्या, मात्सूआईच्या देवळात, माझ्या उदबत्तीच्या गाळ्यासमोरच, तशा पुस्तकांची मांडणी आहे. ज्याला हवं त्यानं फुकट न्यावं, वाचावं, आणि पुण्य गेलेल्या माणसाला पोचावं. हुआत छापखान्यात निघाला तेव्हा मीही बरोबर गेले, कारण त्या दिवसांत तो निघायचा एकीकडे आणि पोचायचा भलतीकडेच.

"कोणतं छापू?" थांगनं विचारलं. "लांब सूत्र आहे, आखूड सूत्र आहे. पुण्य सारखंच. आखूडात कागद वाचतो."

हुआतनं कापडाची गाठ सोडून गठ्ठा पुढं ठेवला. "हे."

थांगनं चष्मा लावून एक पान वाचलं, मग दुसरं. "काका, यात शिव्या आहेत."

"तिच्याच आहेत."

"मेलेल्या माणसाच्या नावानं शिव्या छापल्या तर पुण्य पोचेल का?"

"नाही पोचलं तर ती येऊन तुला विचारेल."

थांग किमचूला ओळखत होता. त्यानं लगेच कागदाचा आकार विचारला.

"आणि लेखकाचं नाव?" हुआतनं हळूच विचारलं.

"ते नसतं घालायचं. पुण्याच्या पुस्तकाला लेखक नसतो. लेखकानं नाव घातलं की पुण्यातला वाटा त्यानंच खाल्ला."

हुआतनं रिकाम्या कापडाची घडी घातली. मग म्हणाला, "नको तर."

तर पुस्तक निघालं ते असं. पहिल्या पानावर किमचूचं नाव. शेवटच्या पानावर, थांग प्रत्येक पुस्तकाला सवयीनं लावतो ती ओळ : ज्याला हवं त्यानं हे छापावं, वाटावं, पुण्य अमाप. मधे ठोकलेल्या दोन पिना. पाठ अशी नव्हतीच, त्यामुळे पाठीवर नाव असण्याचा प्रश्नच मिटला.

आधी कोणी हात लावला नाही. मग बर्फाच्या कारखान्यातली आ-लान एक प्रत घेऊन गेली. तिच्या नवऱ्याच्या जहाजाचा वायरलेस बंद पडला होता आणि काही खबर नव्हती. भांडणाचं प्रकरण तिनं धक्क्यावर उभं राहून, उदबत्ती लावून, समुद्राकडे तोंड करून मोठ्यानं वाचलं. दुसऱ्या सकाळी जहाज हजर. आता, जहाजाचं डिझेल संपलं होतं आणि दुसरं जहाज आधीच त्याला ओढत आणत होतं. पण हे ऐकून कोण घेतो? आ-लाननं नवस फेडायचा म्हणून पुस्तक पुन्हा छापून घेतलं आणि मागं आपल्या घरच्यांची नावं घातली. ते बघून धक्क्यावरच्या इतर बायकांनी छापलं. मग शेजारच्या गावानं. नावं वाढत गेली. गोष्ट होती तेवढीच राहिली आणि मागची नावं तिच्याहून जाड झाली. थांगनं नवं यंत्र घेतलं आणि हुआतला बघून उठून उभा राहायला लागला.

एक दिवस हुआत माझ्या गाळ्यावर चहा पीत होता. देवळातून पाठाच्या लाकडी ठोक्याचा आवाज आला आणि बायकांनी एका सुरात सुरू केलं, "तुझ्या मिशीत शेवाळ उगवो…"

हुआतचा पेला हातातच राहिला. "वहिनी, ते हसायचं वाक्य आहे."

"मग तू हसू नकोस. मारतील."

तो आत गेला, उगीच, आणि त्यांच्याबरोबर म्हणू लागला. लगेच आ-लाननं थांबवलं. "काका, 'शेवाळ'वर थांबायचं असतं. तुम्ही नवीन दिसता."

"मी लिहिलंय हे," हुआत म्हणाला.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. "हे समुद्रापलीकडून आलंय, काका. जुनं आहे. एका भगताच्या हातून देवीनं लिहवून घेतलंय. तुम्ही उन्हातून आलात का? आमा, काकांना पाणी द्या हो."

आमा म्हणजे आजी, म्हणजे मीच. मी पाणी दिलं. दुसरं काय देणार?

त्यानंतरच्या हिवाळ्यात तैपेईहून एक बाई आली. केस आखूड, पायात पांढरे बूट. नाव वेन. हातात तेच पुस्तक. तिच्या आईनं देवदर्शनाच्या सहलीहून नेलेलं.

"आमा, हे कोणी लिहिलं?"

"देवीनं."

"आणि देवीच्या आधी?"

मी मांडणीकडे बोट दाखवलं. हुआत तिथं धूळ पुसत होता.

वेनबाई ते 'भांडखोर'चं पत्र पाठवणाऱ्या प्रकाशकाकडचीच निघाली. बसल्या बसल्या म्हणाली, "काका, ही भांडणं म्हणजे पुस्तकाचा जीव आहेत. एक शब्दही कमी करू नका."

"मागं तुमच्याकडून पत्र आलं होतं, की…"

"ते माझ्या आधीचे. आता भांडखोर बायका चालतात."

मग तिनं सगळं सांगितलं. नाव पाठीवर येणार. पुस्तक काओशुंगच्या त्या दुकानात जाणार. हुआतनं दुकानाचं नाव दोनदा विचारून घेतलं. फक्त एक करायचं : हे फुकटचं वाटप बंद, शेवटची ती ओळ रद्द, मागची नावं काढायची. "देवळात फुकट मिळतं ते दुकानात कोण विकत घेईल?" तैपेईच्या पुस्तक-मेळ्याआधी सही हवी, म्हणून करार ठेवून ती गेली.

हुआत आधी आ-लानकडे गेला, पुस्तकं परत मागायला.

"परत? माझं नाव आहे त्यात. नवऱ्याचं आहे. सासूचंसुद्धा आहे! तिचं घातलं तेव्हा कुठं घरात शांतता झाली. आणि काका, देवाच्या दारातलं परत मागता, बरे आहात ना?"

मग तो थांगकडे गेला. "एक सांग, विकलेल्या पुस्तकाचं पुण्य पोचतं का?"

"पावती पोचते," थांग म्हणाला.

हा विनोद हुआतला लागला. गाळ्यावर येऊन बसला आणि बराच वेळ नुसता उदबत्त्यांचे पुडे सरळ करत राहिला.

"सही कर," मी म्हटलं. "किमचू असती तर तिनं तुझा अंगठा धरून शाईत बुडवला असता. जन्मभर तेच तर हवं होतं तुला."

"हवंच आहे, वहिनी. अजून हवंय. पण ती असती तर. आता तिला तिकडे जे काही मिळतंय ते या मांडणीवरून मिळतंय. माझं नाव वर चढवायला तिचा डबा बंद करू?"

"मग नाही म्हण."

"नाही तरी कसं म्हणू?"

शेवटी त्यानं देवीला कौल लावला. चंद्रकोरीसारखे ते दोन लाकडी तुकडे ओंजळीत धरून त्यानं विचारलं आणि खाली टाकले. एक उताणा, एक पालथा पडला तर हो. दोन्ही पालथे तर नाही. दोन्ही उताणे पडले. म्हणजे देवी हसली.

पुन्हा टाकले. पुन्हा हसली. त्यानं प्रश्न बदलला, नाव-गाव-पत्ता नीट सांगितला, प्रकाशकाचाही सांगितला. देवी हसतच होती. गुडघे दुखेपर्यंत त्यानं टाकले आणि मग माझ्यासमोरच वेनबाईला फोन लावला.

"देवी हसते आहे," तो म्हणाला.

"म्हणजे हो?"

"नाही."

"म्हणजे नाही?"

"तसंही नाही."

"काका, तिची सही चालणार नाही आम्हाला. तुमचीच लागेल."

आता लोक सांगतात, की हुआतनं बायकोसाठी तैपेईच्या प्रकाशकाला लाथाडलं. त्यानं कोणालाही लाथाडलं नाही. करार सुपाच्या पातेल्याखाली ठेवला होता, देवी एकदा नीट बोलली की सही करायची म्हणून. कागदावर पातेल्याचा गोल डाग पडला. मेळा येऊन गेला, वेनबाईचे फोन आधी वाढले, मग कमी झाले, मग थांबले. वर्षभरात त्यांनी दुसऱ्याच कोणाचं पुस्तक काढलं, त्यातही समुद्र आणि त्यातही तोंडाळ बायको. हुआत बसनं काओशुंगला गेला, विकत घेतलं, येताना वाचून काढलं.

"कसं आहे?" मी विचारलं.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "शिव्यांत दम नाही."

त्याचं नाव छापून आलं, नाही असं नाही. पण तो गेल्यावर. त्याच्या मुलीनं त्याच्यासाठीही तेच पुस्तक छापलं, आणि पहिलं पान किमचूचं म्हणून थांगनं मागच्या पानावर त्याचं नाव घातलं, आ-लानच्या सासूच्या खाली. मला भरभर वाचता येत नाही, पण ते मी बोट ठेवून वाचलं.

हुआत माझ्याकडे शेवटचा आला तो पौर्णिमेला आला, दर पौर्णिमा-अमावास्येला पुस्तकं घेऊन यायचा तसाच. ढकलगाडीचं एक चाक कुरकुरत होतं. प्लॅस्टिकच्या दोरीनं बांधलेला गठ्ठा त्यानं सोडला, दोरी गुंडाळून खिशात टाकली. मांडणी ओल्या फडक्यानं पुसली. लांब सूत्रं, आखूड सूत्रं होती. त्यांना बोटांनी बाजूला सारून त्यानं मधे फट केली आणि तिथं किमचूची पुस्तकं बसवली. दोन उलटी लागली होती, ती सरळ केली.

मग आत जाऊन कौल टाकले. खाली पडल्याचा आवाज मी ऐकला.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"हसते आहे."

"आणि आता कशाचा कौल लावतोस रे? करारावर तर बुरशी आली असेल."

"विचारलं नाही काही," तो म्हणाला. "कशी आहे, बघून येतो एवढंच."

उभ्यानंच चहा प्यायला, पेला स्वतः विसळून ठेवला. "अमावास्येला जरा जास्त आणतो, वहिनी. हल्ली लवकर संपतात." आणि गाडी घेऊन बाजाराकडे वळला.